क्रेडिटचं पाणी कुठे मुरतं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ऑनलाइन बीएसएनला जुने क्रेडिट्स कसे वळते करावेत’. बीएसएन म्हणजे इथली नर्सिंगची पदवी. त्यावर येतेच. आधी पेन्शनची गोष्ट सांगते, कारण ती सांगायला मला फार आवडतं. समोर निम्म्याहून अधिक नर्सेस आहेत. बारा-बारा तास उभं राहणाऱ्यांना बसून ऐकायला काय हरकत?

१९०५ साली पोलादवाल्या अँड्र्यू कार्नेगींनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. आता पेन्शन वाटायची तर कॉलेज कशाला म्हणायचं, हे ठरवणं आलं. त्यांच्या फाउंडेशनने सांगितलं, प्रवेश देताना शाळेतल्या अभ्यासाला एकच माप लावा. एक विषय, वर्षभरात साधारण १२० तास, की झालं एक युनिट. कॉलेजांनी मुकाट्याने मानलं, पेन्शन कुणाला नकोय! तेच तासांचं माप पुढे कॉलेजातही शिरलं. आजही तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग, असे सुमारे पंधरा आठवडे, वर घरचा अभ्यास. माझं म्हणणं एवढंच आहे, की क्रेडिट तुम्ही किती वेळ बसलात ते मोजतं, तुम्हाला काय येतं ते मोजत नाही. हे ध्यानात घेतलं की पुढचा सगळा अन्याय कळतो. पटत नाही, पण कळतो.

माझंच बघा. महाराष्ट्रातल्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमधून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, इकडे न्यू जर्सीत एनक्लेक्स ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा, मग आयसीयूत नोकरी. बीएसएनला अर्ज केला, तर एका युनिव्हर्सिटीने कळवलं की तुमचं अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी दहा वर्षांहून जुनं आहे, चालणार नाही. अहो, दहा वर्षांत मूत्रपिंडं काय खांद्यात सरकली? त्याच आठवड्यात रात्रपाळीला डायलिसिसचे पेशंट सांभाळत होते मी! दुसऱ्या युनिव्हर्सिटीने तेच विषय बिनबोभाट घेतले. फक्त मायक्रोबायॉलॉजीवर तिथल्या बाई अडल्या. प्रयोगशाळेचे तास किती होते, सिलॅबस दाखवा म्हणाल्या.

सिलॅबस आणायला भावाला माझ्या नर्सिंगच्या शाळेत पाठवलं. तिथे उत्तर मिळालं, तुमच्या बॅचचं कपाट जुन्या इमारतीत आहे आणि किल्ली रजेवरच्या बाईंकडे. भाऊ माझा बँकेतला, किल्लीची महती त्याला काय सांगायची! जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन तिथेच जाऊन बसायला लागला. शेवटी शिपाईमामांना दया आली. त्यांनी त्याला चहा पाजला आणि कपाटापाशी नेलं, तर कुलूप नुसतं अडकवलेलं! (हशा) हसताय, पण माझे चार क्रेडिट त्या कपाटात होते.

अध्यक्षबाई घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, भराभर ऐका.

पदवीला साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट्स लागतात. त्यातले बऱ्याच ठिकाणी तीसेक तरी त्याच युनिव्हर्सिटीत करावे लागतात, तेव्हा कितीही गोळा करून आणा, सगळे वळते होत नाहीत. क्वार्टर पद्धतीचे, म्हणजे छोट्या सत्रांचे असतील तर दोन तृतीयांश धरा, ४५ चे ३०. सी-पेक्षा कमी ग्रेड असेल तर सहसा आशा सोडा. भारतातल्या कागदांचं मूल्यमापन विषयवार करून घ्या, नुसत्या ‘समकक्ष’ म्हणणाऱ्या पत्रावर कुणी मायक्रोबायॉलॉजी माफ करत नाही. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय-गुणांचा अधिकृत तक्ता, शाळेकडून सीलबंद मागितला असेल तर पाकीट उत्साहाने फोडू नका.

आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या लायसन्सवर काही युनिव्हर्सिट्या एकगठ्ठा क्रेडिट्स देतात. जीएनएमवाल्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. नर्सिंगच्या कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे ना, आणि तो ऑनलाइन कोर्स तुमच्या राज्यातल्यांना खुला आहे ना, तेही बघा. स्टॅटिस्टिक्स कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात होतं, पण ते घेऊ असं युनिव्हर्सिटीकडून आधी लेखी घ्या. फोनवरची गोड बाई पुढच्या सेमिस्टरला तिथे नसते. अमेरिकन सरकारच्याच २०१७ च्या एका अहवालाचा अंदाज आहे, की कॉलेज बदलणाऱ्यांचे ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात. म्हणून मूल्यमापन आधी, फी नंतर.

नदीपलीकडे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनो, तिथे २०१७ च्या कायद्याने नव्या आरएनना दहा वर्षांत बॅचलर्स घ्यावीच लागते. जुन्यांना सूट आहे. हो हो, संपवलंच. ट्रान्सक्रिप्ट आणलेत त्यांनी जेवणाच्या रांगेत गाठा मला, मात्र मसालेभात घेण्याआधी.