टाकं, टँक, टँकर

(दृश्य: चावंड गड, सकाळ. कातळात ओळीने कोरलेली टाकी. पाण्यात उतरलेलं आभाळ.)

जुन्नरच्या पश्चिमेला, माणिकडोह धरणाच्या अंगावर उभा असलेला हा चावंड. गडावर एकमेकांना लागून सात टाकी आहेत, म्हणून लोक त्यांना सप्तमातृका म्हणतात. 1818 साली इंग्रजांनी गडाच्या पायऱ्या तोफांनी उडवल्या. टाकी राहिली.

याच इंग्रजांच्या भाषेत एक शब्द आहे, टँक. आज तो उच्चारला की कुणाच्याही डोळ्यांपुढे तोफ रोखलेली पोलादी गाडी येते. मराठीत आपण तिला रणगाडा म्हणतो. या शब्दाची वाट उलटी चालत गेलं, तर ती पाण्यापाशी येऊन थांबते. ते पाणी कदाचित याच जातीच्या टाक्यातलं असेल.

(दृश्य: टाक्याची आतली भिंत, छिन्नीचे तिरपे घाव. कडेची भोकं. अर्धवट सोडलेलं एक टाकं.)

टाकं म्हणजे नुसता खड्डा नव्हे. उतारावरून पावसाचं पाणी आपसूक कुठे येतं ते आधी हेरायचं. कातळाला भेग नाही ना, ते बघायचं. मग उभेआडवे चर मारून मधला दगड चौकोनी चिऱ्यांनी सुटा करायचा. या अर्धवट टाक्यात ते चर अजून जसेच्या तसे दिसतात. निघालेला चिरा तटाच्या कामाला जायचा. एकाच खोदकामात पाणीही मिळे आणि भिंतही उभी राही.

पुष्कळ टाक्यांचं तोंड लहान आणि पोट मोठं असतं. वरच्या कातळाला आधार म्हणून आत खांब ठेवलेले. पाणी सावलीत राहिलं की उन्हाने कमी उडतं. काठावरची ही भोकं खांब रोवण्यासाठी, वर आच्छादन घालायला. शेजारी शेजारी दोन टाकी असली, की पहिल्यात गाळ बसतो आणि दुसऱ्यात निवळ पाणी उतरतं.

(दृश्य: नाणेघाट. दगडी रांजण. टाक्यावरची ब्राह्मी अक्षरं, कडेने पडणारं ऊन.)

चावंडहून फार लांब नाही हा नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कोकणातून आलेला माल याच वाटेने वर चढायचा. घाट चढून आलेल्याला पहिलं काय हवं? पाणी. इथल्या एका टाक्यावर लेख आहे: सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे टाकं दान दिलं. त्या वेळचा शब्द होता पोढी. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतल्या लेखांतही तो भेटतो. एक माणूस वाटेवर पाण्याची सोय करून गेला, आणि सुमारे दोन हजार वर्षांनीही त्याचं नाव आपल्याला वाचता येतं.

पुढे शिवकाळाचा अनुभव गाठीशी असलेले रामचंद्रपंत अमात्य आज्ञापत्रात बजावतात की आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून तळी, टाकी बांधावीत. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. तोपर्यंत पोढी जाऊन टाकं आलेलं होतं.

(दृश्य: पाथरवटाचा हात, छिन्नी, ठिणगी. मग अहमदाबादच्या जुन्या गल्लीतल्या घराचा चौक.)

पाथरवटाच्या छिन्नीला मराठीत टाकी म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या म्हणीतली तीच टाकी. संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडायचं हत्यार. टाकीने खोदलं ते टाकं, हे मराठी कानाला लगेच पटतं. काही अभ्यासक मात्र तडाग, म्हणजे तळं, या संस्कृत शब्दाकडे बोट दाखवतात.

गुजरातीत हाच शब्द टांकुं. अहमदाबादच्या पोळींमध्ये, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये, घराच्या चौकाखाली टांकुं असायचं. छपरावरचं पावसाचं पाणी नळीवाटे त्यात उतरवायचं आणि पुढे वर्षभर जपून वापरायचं. राजस्थानात वाळवंटातल्या घराशेजारी असतो तो टांका. दगड, चुना आणि माती बदलली तरी शब्द तोच राहिला.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. पोर्तुगीज भाषेत तान्के हा शब्द आहे आणि त्याचं नातं अडवलेल्या, साचलेल्या पाण्याच्या लॅटिन कुळाशी जोडतात. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला आला. त्याच्या सफरीच्या वृत्तांतात एका देवळाचं वर्णन आहे. पोर्तुगिजांना ते देऊळ चर्च वाटलं. चार-पाच हातांचे संत भिंतींवर रंगवलेले पाहून ते चकित झाले, आणि खाली घडीव दगडाचा मोठा तान्के आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे पहिल्याच फेरीत हा शब्द त्यांच्या तोंडी होता.

मग इंग्रजी टँक कुणाचा? 1608 मध्ये इंग्रजांचं जहाज सुरतेला लागलं. तिथे व्यापारात पोर्तुगीज चालत होती आणि गल्लीत गुजराती. एका तोंडून तान्के कानावर पडे, दुसऱ्या तोंडून टांकुं. अर्थ एकच, आवाजही जवळजवळ एकच. दोन ओढे एका डबक्यात मिळावेत तसा हा शब्द भरला असावा. सतराव्या शतकात तो इंग्रजी लिखाणात दिसू लागतो, आणि त्याचा अर्थ असतो हिंदुस्थानातला पाणवठा.

(दृश्य: मुंबई. बसथांब्याची पाटी, सी. पी. टँक. ऑगस्ट क्रांती मैदान. बाणगंगा.)

मुंबईत तो अर्थ पाट्यांवर अजून जिवंत आहे. गवळी आपली गुरं जिथे धुवायला आणत, तो गोवालिया टँक. 8 ऑगस्ट 1942 ला 'छोडो भारत'चा ठराव झाला, तो त्याच जागी. तिथे आता मैदान आहे. शहरातली बरीच तळी हिवतापाच्या भीतीने बुजवली गेली. बाणगंगा टिकली.

(दृश्य: जुनी काळीपांढरी फिल्म. कारखाना. चिखलात सरकणारी लोखंडी गाडी.)

हळूहळू पाणी साठवायच्या कुठल्याही भांड्याला इंग्रजीत टँक म्हणू लागले. आणि मग हे लिंकन शहर, इंग्लंड, 1915. पहिलं महायुद्ध चालू होतं. विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात एक गुप्त यंत्र जुळवलं जात होतं. खंदक ओलांडणारी, मशीनगनला न जुमानणारी गाडी. कामगारांनी विचारलं तर काय सांगायचं? मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, वाळवंटात पाणी वाहून न्यायला हौद बनतोय, असं सांगायचं. ही थाप खोटी वाटण्यासारखी नव्हती. त्याच मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात, पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन अडकली होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या.

पाण्याची गाडी या नावाची इंग्रजी आद्याक्षरं, डब्ल्यू. सी., संडासाच्या नावाशी जुळत होती, म्हणून ते नाव टळलं. डिसेंबर 1915 मध्ये टँक हे नाव ठरलं. 15 सप्टेंबर 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर हे टँक पहिल्यांदा उतरले. 49 नेमले होते, निघण्याच्या जागी जेमतेम 32 पोचले. पुढच्या शंभर वर्षांत त्यांनी काय केलं, ते पडद्यावर आहे.

(दृश्य: युद्धाचे क्षण, आवाज नाही. वीस सेकंद निवेदन नाही.)

शब्द वाहतच राहिला. पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत, त्यावरून बिनबाह्यांचा टँक टॉप आला. अमेरिकेत दारुड्यांना रात्रभर कोंडायची कोठडी टँक झाली. मुद्दाम सामना हरण्यालाही टँक करणं म्हणतात. विचारवंतांच्या संस्था थिंक टँक झाल्या.

(दृश्य: अहिल्यानगर, रणगाडा संग्रहालय. झाडाखाली उभा विजयंता रणगाडा. मुलं चाकांपाशी फोटो काढताहेत. मग रस्ता, निळा टँकर.)

अहिल्यानगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, 1994 पासून. 1965 च्या युद्धात पकडलेला पाकिस्तानचा पॅटन रणगाडा इथे उभा आहे. फाटकाबाहेर येऊन रस्त्याला लागलो, तेव्हा आमच्या पुढे हा टँकर होता. रणगाड्याच्या नावातून हरवलेलं पाणी याच्या नावात परत आलं आहे.

टँकर येतो तेव्हा गावात काय होतं, ते पाहा.

(दृश्य: विहिरीत सोडलेला पाइप. हंडे. धावणारी बाई. निवेदन नाही.)

(दृश्य: जुन्नर परिसरातला एक गड. पहाट. घमेल्यांची साखळी.)

या गडाच्या पायथ्यालाही टँकर येतो. वर कातळात टाकी आहेत आणि ती गाळाने भरलेली आहेत. पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन ही मंडळी दर रविवारी चढतात. टिकाव जपून मारायचा, कातळाला लागू द्यायचा नाही. गाळ दोराने वर ओढायचा, चाळायचा. खापराचा तुकडा निघाला तर बाजूला ठेवायचा, त्यावर तारीख लिहायची.

टाक्यात उतरायला पायऱ्या आहेत. किती, ते कुणालाच ठाऊक नाही. आम्ही पहिल्या रविवारी आलो तेव्हा तीन दिसत होत्या.

(दृश्य: ओला गाळ. फावडं. दगडाची कड उघडी पडते.)

ही नववी.