खांद्यावरची गाठ

भातशेताच्या चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या गोव्याच्या कुणबी स्त्रीला पायघोळ नेसून चालणार नव्हते. म्हणून तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची सुती साडी ती आखूड नेसत असे आणि पदर खांद्यावर आणून तिथेच घट्ट गाठ मारत असे. या गाठीला देठली म्हणतात. कितीही वाकले तरी पदर ढळत नाही आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात.

हीच साडी फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी फॅशनच्या मंचावर आणली. 1960 साली जन्मलेले रॉड्रिक्स मूळचे गोव्यातील कोलवाळचे. मस्कतमध्ये नोकरी करून साठवलेल्या पैशांतून त्यांनी लॉस एंजेलिस आणि पॅरिस येथे वस्त्रकलेचे शिक्षण घेतले. पॅरिसमध्ये काम मागायला गेले असता, तुमच्या कपड्यांत तुमचा देश कुठे आहे, असे त्यांना विचारण्यात आले. ही आठवण ते स्वतः सांगत. त्या प्रश्नाचे उत्तर शोधत ते गोव्यात परतले, गावच्या घरी राहिले आणि गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास त्यांनी 2012 मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

तोपर्यंत गोव्यातील हातमाग जवळजवळ थांबले होते. चौकड्याचे कापड दिसायला साधे असले, तरी विणायला साधे नाही. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, रंगीत धागे ज्या अंतराने लावले, त्याच अंतराने ते बाण्यातही, म्हणजे आडव्या धाग्यांतही, यावे लागतात. आडवा धागा घट्ट बसवणारा विणकराचा ठोका कमी-जास्त पडला, की चौकोन लांबट होतो, आणि ती चूक साऱ्या साडीभर दिसत राहते. रॉड्रिक्स यांनी हे काम पुन्हा हातमागावरच करून घेतले. मात्र शहरी स्त्रीला नेसता यावी म्हणून साडीची लांबी वाढवली आणि तांबड्याच्या जोडीला सौम्य रंगही आणले. हा बदल सर्वांना रुचेल असे नाही, पण पेटीत घडी होऊन पडलेल्या वस्त्राला मागणी आली, ती त्यामुळेच, असे आम्हाला वाटते.

2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 12 फेब्रुवारी 2020 रोजी कोलवाळ येथेच त्यांचे निधन झाले. ज्या जुन्या घरात ते राहिले, ते त्यांनी गोव्याच्या वस्त्रांच्या संग्रहालयासाठी दिले होते.

आज ही साडी नेसणाऱ्या बहुतेक जणी पदराला पिन लावतात. देठली बांधायची, तर ती कुणा कुणबी आजीकडूनच शिकावी लागते.