बारा तास कॅमेऱ्यासमोर: मुलांचा रोबो आणि आपली वर्गणी

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘रोबोटिक्सविषयी माहिती’ असं छापलंय. माहिती देतोच, पण खरं म्हणजे मी तुमच्याकडे काहीतरी मागायला उभा आहे. आणि आधीच सांगतो, चेकबुक खिशातच राहू द्या.

आपल्या मंडळातली काही मुलं शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये आहेत. मी तिथे वायरिंगकडे लक्ष देणारा मेंटर. येत्या हंगामासाठी मुलांनी ठरवलंय की सलग बारा तास वर्कशॉपमधून थेट प्रक्षेपण करायचं, कॅमेऱ्यासमोर काम करायचं आणि त्यातून निधी उभा करायचा. पालकांची पहिली प्रतिक्रिया काय आली असेल, ते तुम्ही ओळखलं असेलच. “एवढा खटाटोप कशाला? आम्ही चार-पाच जण मिळून देऊन टाकतो की!” हेतू चांगला आहे, त्याबद्दल वादच नाही. पण असं परस्पर देऊन टाकलं, की टीमचं अर्धं काम आपण मुलांच्या हातून काढून घेतो.

अर्धं काम म्हणतोय ते उगाच नाही. आमची टीम ज्या स्पर्धेत उतरते, ती शाळकरी मुलांची रोबो स्पर्धा भरवणारी ‘फर्स्ट’ ही संस्था डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केली. 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये त्यांची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा 28 टीम होत्या. आज तिथला सर्वांत मोठा मान कुठल्या टीमला मिळतो? सामने जिंकणाऱ्या टीमला नाही. इम्पॅक्ट अवॉर्ड मिळतो तो टीमने आपल्या आजूबाजूच्या लोकांत काय काम केलं, किती जणांना या विषयाकडे ओढलं, ते बघून. परीक्षकांसमोर मुलंच बोलतात. अनोळखी माणसाला आपलं काम समजावून सांगता येणं आणि त्याच्याकडे न लाजता मदत मागता येणं हा त्या शिक्षणाचाच भाग आहे. आपल्या घरांत मात्र मागणं म्हणजे कमीपणा, हे बाळकडू इतकं पक्कं असतं की मुलांऐवजी आपणच अवघडतो.

प्रक्षेपणातून निधी उभारणं काही नवं नाही. अमेरिकन विनोदी नट जेरी लुईस यांचे टीव्हीवरचे तासन्‌तास चालणारे मदतनिधी कार्यक्रम इथल्या जुन्या मंडळींनी पाहिले असतील. इंटरनेटवरची गंमत मला जास्त आवडते. ‘गेम्स डन क्विक’ म्हणून एक उपक्रम आहे, त्यात व्हिडिओ गेम झपाट्याने संपवून दाखवतात आणि देणग्या गोळा करतात. जानेवारी 2010 मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम एका हॉटेलातल्या संमेलनात व्हायचा होता. तिथलं इंटरनेट धड चालेना, म्हणून सगळा बाडबिस्तरा हलवला तो थेट आयोजक माइक उयामा यांच्या आईच्या घराच्या तळघरात! तरीही दहा हजार डॉलर्सच्या वर रक्कम जमली आणि ‘केअर’ या मदतकार्य करणाऱ्या संस्थेला गेली. आमच्या मुलांना मी हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की झगमगीत स्टेज नसलं तरी चालतं, अपलोडचा वेग नसेल तर मात्र काहीच चालत नाही. वायफायवर विसंबायचं नाही, केबल टाकायची. शाळेच्या नेटवर्कवर प्रक्षेपणाचा मार्ग पुष्कळदा बंद केलेला असतो. तो उघडून घ्यायला आयटीवाल्यांना आठवडाभर आधी गाठायचं, आदल्या रात्री नाही.

आता बारा तास दाखवायचं काय? मुलांची पहिली यादी नाच, कोडी, तोंडावर क्रीम फासणं अशी होती. थोडं असू दे, वय आहे. पण माझं मत विचाराल तर लोक थांबतात ते खरं काम बघायला. आमची एक विद्यार्थिनी बॅटरीची केबल तयार करते, ते बघण्यासारखं असतं. जाड तार सोलायची, उघडे धागे पिळून लगमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या टोपणात घालायचे, ते आवळणाऱ्या क्रिंपिंग टूलचे लांब दांडे दोन्ही हातांनी ‘कट्ट’ आवाज येईपर्यंत दाबायचे आणि मग अंगातला सगळा जोर लावून ती तार ओढायची. निघाली तर कापून पुन्हा. बघणारा विचारणारच, एवढं ओढायचं कशाला? कारण जेमतेम अडीच मिनिटांच्या सामन्यात दुसऱ्या रोबोची धडक बसते, आणि हा एक जोड सुटला तर आपला रोबो मैदानाच्या मधोमध ठोकळा होऊन उभा राहतो. हे उत्तर तिने दिलं, की ‘आम्हाला नवीन केबल आणि बॅटऱ्या घ्यायच्या आहेत’ हे वेगळं पटवावं लागत नाही.

एक अडचण असते. बघणाऱ्याला चित्र काही सेकंद उशिरा दिसतं. मुलांनी प्रश्न विचारला की समोरून लगेच उत्तर येत नाही, मुलं बावरतात आणि गप्प होतात. रेडिओवरच्या क्रिकेट समालोचकासारखं बोलत राहायचं, हा आमचा सध्याचा सराव आहे. कॉम्प्रेसर सुरू झाला की कुणाचंच काही ऐकू येत नाही, तेव्हा फळ्यावर लिहायचं. फळ्यावरून आठवलं, वर्कशॉपच्या फळ्यावर मुलांचे फोन नंबर, कोण कुणाला किती वाजता घ्यायला येणार, असं सगळं लिहिलेलं असतं. प्रक्षेपणाआधी तो पुसायचा. पडद्यावर फक्त पहिली नावं, प्रत्येक पालकाची लेखी संमती आणि चॅटवर सतत दोन मोठी माणसं. याला अपवाद नाही.

चोवीस तासांचा आग्रहही होता. मी विरोध केला आणि करत राहीन. झोपेला आलेलं पोर आणि फिरतं ड्रिल एका खोलीत नको. बारा तास पुष्कळ झाले, त्यातही शेवटच्या दोन तासांत कापाकापी बंद.

पैशांबद्दल एकच आग्रह. देणगी संस्थेच्या नोंदणीकृत खात्यातच जावी, कुणा काका-मावशीच्या फोनवर नको. माणसं सगळी प्रामाणिकच आहेत, पण पावती आणि हिशेब मुलांना दाखवता आला पाहिजे. प्लॅटफॉर्म स्वतःचा वाटा किती कापून घेतो तेही मुलांनी आधीच काढून ठेवलंय. देणगीचं पान त्यामुळे वेगळं ठेवलं आहे.

तर मागणी अशी. ज्यांना मोठी रक्कम द्यायची आहे, त्यांनी ती आज देऊ नये. दुपारी तीन-चारच्या सुमारास बघणारे ओसरतात, मुलांचे चेहरे उतरतात. तेव्हा तुम्ही जाहीर करा की ‘पुढच्या तासात जेवढे जमतील तेवढीच भर माझ्याकडून’. रक्कम तीच, पण तो तास मुलांना कमवावा लागेल. बाकीच्यांनी थोडे द्या, पण समोर बसून बघा आणि प्रश्न विचारा. मराठीत विचारलेत तरी चालेल, उत्तर देणारी पोरं आहेत. भारतातल्या आजी-आजोबांना लिंक पाठवा. आपली सकाळ ती त्यांची संध्याकाळ, वेळ जुळते.

आणि चॅटवर लक्ष ठेवायला मला प्रत्येक दोन तासांसाठी दोन माणसं हवी आहेत, म्हणजे एकूण बारा. तांत्रिक ज्ञान लागत नाही, वाह्यात मजकूर दिसला की उडवायचा एवढंच. कागद मागच्या टेबलावर ठेवलाय. सकाळच्या जागा भरतील. दुपारच्या पाळीत आधी नावं घाला.