हॅट उलटी करून वाचायची

मंडळी, जुन्या वस्तूंच्या बाजारात हॅट हाताळणारे दोन प्रकारचे लोक दिसतात. एक जण हॅट उचलतो, डोक्यावर चढवतो आणि आरसा शोधतो. दुसरा ती उचलतो, लगेच उलटी करतो आणि आत डोकावतो. तुम्हाला या दुसऱ्या गटात ओढावं, एवढ्यासाठी मी आज उभा आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या, साधारण १८९० ते १९६० या काळातल्या फेल्ट हॅट मी जमवतो. माझं ठाम मत आहे की या हॅटचं खरं मोल तिच्या आतल्या चामड्याच्या पट्टीत असतं. तिथे काही छापलेलं असतं, काही चिकटवलेलं, काही पेन्सिलीनं लिहिलेलं. हॅट नवीकोरी दिसावी म्हणून ते सगळं घालवणारा माणूस संग्राहक नव्हे.

आधी फेल्टविषयी थोडं. आपल्याकडे पिंजारी करायचे तो बुरणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना फार सांगायला नको. सूत नाही, माग नाही, ताणाबाणा नाही. नुसती लोकर ओली करून, दाबून, मळून एकजीव केलेली. हॅटचं फेल्टही तसंच होतं, फक्त उंची हॅटसाठी मेंढीच्या लोकरीऐवजी ससा, रानससा किंवा बीव्हर यांच्या अंगावरचे आतले मऊ केस घेतात. कारखान्यात हे केस हवेनं उडवून भोकाभोकांच्या तांब्याच्या शंकूवर सोडतात. शंकूच्या आतून हवा ओढली जाते, त्यामुळे केस बाहेरून चिकटून बसतात. मग गरम पाणी. शंकूवरून उतरवलेली ती प्रचंड मोठी, विरविरीत टोपी गरम पाण्यात मळत मळत आटवत नेतात, ती डोक्याच्या मापाच्या जवळ येईपर्यंत. मग रंग, कडकपणासाठी लाख, लाकडी साचा आणि शेवटी घासून गुळगुळीत करणं. व्हेलूर नावाच्या प्रकारात मात्र घासून लव काढण्याऐवजी ती मुद्दाम उभी करतात. चांगल्या जुन्या व्हेलूरवरून बोट फिरवलंत की रेघ उमटते आणि उलट फिरवलं की पुसते. ऑस्ट्रियाच्या बाजूचे कारागीर या कामात फार वरचे होते.

एक काळी बाजूही आहे. सशाचे केस एकमेकांत नीट गुंतावेत म्हणून ते पाऱ्याच्या नायट्रेटनं भिजवत. त्यानं केसांची टोकं नारिंगी व्हायची. बंद खोलीत त्या वाफा घेऊन कामगारांचे हात थरथरायचे, दात जायचे, स्वभाव बिघडायचा. उंची हॅटची ती मऊ लव कुणाच्या तरी हातापायांतून वसूल झालेली आहे, हे संग्राहकानं विसरू नये. संग्रहालयांतल्या जुन्या हॅट तपासल्या तेव्हा त्यांत अजूनही पारा सापडला आहे. म्हणून खूप जुनी हॅट हाताळल्यावर हात धुवा, आणि तिला वाफ तर अजिबात देऊ नका.

आता गावांकडे येऊ. या विषयाची राजधानी मला विचाराल तर व्हिएन्ना नव्हे, बर्लिन तर नव्हेच. ती आहे मोराव्हियातलं एक लहान गाव. जर्मन भाषिक त्याला नॉयटिचाइन म्हणत, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव नोव्ही यिचीन. १७९९ पासूनची हॅट बनवण्याची परंपरा तिथे सांगतात. एकोणिसाव्या शतकात ह्यूकेल घराण्यानं तिथे मोठा कारखाना उभारला. पेशेल आणि ब्योम ही आणखी दोन नावं त्याच गावातली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात आणि साम्राज्याबाहेर लांबलांब इथला माल जायचा. १९१८ साली साम्राज्य मोडलं, गाव चेकोस्लोव्हाकियात गेलं. १९३८ मध्ये सुडेटेनलँड या सीमेलगतच्या जर्मन भाषिक पट्ट्याबरोबर हिटलरच्या जर्मनीत. १९४५ मध्ये पुन्हा चेकोस्लोव्हाकियात. गावातल्या जर्मन लोकांना हाकलून देण्यात आलं, कारखाने सरकारनं ताब्यात घेतले आणि त्यांतून 'तोनाक' ही कंपनी उभी राहिली. ती आजही हॅट बनवते. म्हणजे कारखाना जागेवरच राहिला, आणि त्याच्या भोवतीनं देश बदलत गेले. हे सगळं हॅटच्या पट्टीवर दिसतं. आधी राजदरबाराचे पुरवठादार असल्याची मोहोर आणि दोन डोक्यांचा गरुड. मग निर्यातीच्या मालावर 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया'. मग कधी जर्मन नाव, कधी चेक. तिथल्या झेरोतीन वाड्यातल्या संग्रहालयात हॅटचा मोठा विभाग आहे. युरोपात फिरायला जाणाऱ्यांनी प्रागच्या पुढे थोडी वाट वाकडी करावी, अशी माझी कळकळीची विनंती.

गूबेन हे दुसरं गाव, नायसे नदीकाठचं. तिथे कार्ल गॉटलोब विल्के यानं १८५४ साली पावसाला टिकेल अशी लोकरीच्या फेल्टची हॅट काढली. तोवर लोकरीची हॅट भिजली की लोळागोळा व्हायची. सामान्य माणसाला परवडेल अशी बरी हॅट तिथून पुढे मिळू लागली, म्हणून मला विल्के फार मोठा वाटतो. १९४५ नंतर नदीच देशाची सीमा झाली आणि गावाचे दोन तुकडे पडले, अर्धं जर्मनीत, अर्धं पोलंडमध्ये. जर्मनीच्या दक्षिणेला, आल्गॉय भागातलं लिंडेनबेर्ग मूळचं गवती हॅटचं गाव, फेल्ट तिथे नंतर आलं. जर्मन हॅट संग्रहालय तिथेच एका जुन्या कारखान्यात २०१४ साली उघडलं. आणि बाड होम्बुर्ग तर तुम्ही न कळत ऐकलेलंच आहे. १८८० च्या दशकात इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, तिथे औषधी पाण्यासाठी जायचा. त्यानं तिथली वर वळलेल्या कडेची, मधोमध एकच खोलगट चीर असलेली हॅट घातली आणि होम्बुर्ग हॅट जगभर झाली. ही गोष्ट सगळेच सांगतात, मी लांबवत नाही.

आता आत बघू. ही माझ्या हातातली हॅट पाहा: गडद हिरवी, व्हेलूर, कडेला रेशमी फीत. बाहेरून एवढंच. उलटी केली की पट्टीवर सोनेरी अक्षरांत ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरातल्या एका दुकानाचं नाव आहे, कारखान्याचं नाही. हे नवख्यांना चकवतं. बहुतेक हॅटवर विकणाऱ्याचं नाव ठळक असतं, बनवणारा बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. पट्टीला दोन पितळी अक्षरं टोचलेली आहेत, ती मालकाची आद्याक्षरं. आता पट्टी हलक्या हातानं बाहेर वळवायची. मागे चिकटवलेली कागदाची चिठ्ठी आहे, तिच्यावर ५७, म्हणजे डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये, आणि खाली पेन्सिलीनं कारखान्यातला आकडा. आणि ही बारीक दोरी, टोकाला गुंडी, फितीभोवती गुंडाळलेली. वारा सुटला की ती गुंडी कोटाच्या काजात अडकवायची, म्हणजे हॅट उडाली तरी हातची जात नाही. बरेच विक्रेते ही दोरी लोंबते म्हणून कापून टाकतात. कृपा करून कापू नका.

पट्टीवर कधी 'डी. आर. जी. एम.' अशी चार अक्षरं असतात. ती जर्मन साम्राज्याच्या एका नोंदणीची खूण. ही नोंदणी १८९१ मध्ये सुरू झाली, म्हणजे हॅट त्याआधीची असू शकत नाही. पण सगळ्यात जास्त बोलतं ते दुकानाचं नाव. व्हिएन्नाचं दुकान असेल तर काम सोपं आहे. त्या शहरात १८५९ ते १९४२ पर्यंत 'लेमान' नावाची पत्त्यांची निर्देशिका निघत होती आणि व्हिएन्नाच्या नगर ग्रंथालयानं ती सगळी इंटरनेटवर ठेवली आहे, फुकट. दुकान कुठल्या वर्षी पहिल्यांदा दिसतं, कधी पत्ता बदलतो, कधी नाव नाहीसं होतं, हे घरबसल्या कळतं. हाबिगसारखं दरबाराला हॅट पुरवणारं घराणं असेल, वीडनर हाउप्टश्ट्रासेवरचं, तर माहिती भरपूर मिळते. लहान दुकानांचं तसं नाही.

आणि इथेच हा छंद एकदम जड होतो. व्हिएन्नातला कापडाचा आणि कपड्यांचा बराचसा व्यापार यहुदी कुटुंबांच्या हातात होता. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि काही महिन्यांत ही दुकानं मालकांकडून हिसकावून घेतली गेली, किंवा बंद पाडली गेली. मालक पळाले, नाहीतर छावण्यांत गेले. निर्देशिकेत नाव वर्षानुवर्षं दिसत राहतं आणि १९३८ नंतर दिसत नाही. नाव गायब झालं म्हणजे हेच घडलं असं लगेच धरायचं नाही. दुकानं इतर कारणांनीही बंद पडतात, तपास करावा लागतो. पण तपास करायचा तर नाव शिल्लक असायला हवं. पुष्कळदा त्या दुकानाची पाटी नाही, इमारत नाही, फोटोही नाही. उरतात त्या कुणाच्या तरी माळ्यावरून निघालेल्या हॅटमधल्या सोनेरी अक्षरांच्या दोन ओळी. आणि एखादा हौशी माणूस चामडं सुकलं म्हणून ती पट्टीच उसवून फेकतो आणि नवी शिवतो! असं झालेलं मी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही. चामडं तडकलंय? तडकू द्या. हॅट घालायचीच असेल तर दुसरी घ्या.

राहता राहिली निगा. कडेवर हॅट ठेवू नका, कड वाकते; उलटी, डोक्याच्या बाजूवर ठेवा. मऊ ब्रशनं लवेच्या दिशेनं धूळ काढा. घामाचा डाग काढायच्या मागे लागू नका. मुंबई-कोकणातल्यांना दोन शत्रू: बुरशी आणि कसर. पावसाळ्यात हॅट लोखंडी कपाटात कोंडून ठेवलीत तर गणपतीपर्यंत पांढरी होईल. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, उघडीप मिळाली की सावलीत वारा द्या, ऊन नको. कसर लागल्याचा संशय आला तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर हॅट दवानं भिजते. डांबरगोळ्या चामड्याला आणि लवेला टेकतील अशा कधीच टाकू नका.

टेबलावर हॅट मांडल्या आहेत. पिशवीतली आहे ती सगळ्यात जुनी, ती पिशवीतूनच बघा. बाकीच्या दोन्ही हातांनी, कडेखालून उचला, समोरच्या चिमटीत धरून नको, तिथेच फेल्ट आधी फाटतं. आणि उलट्या करा.