आधी आपलं गाव, मग सॉफ्टवेअर

नमस्कार मंडळी. क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, शिकायचंय म्हणून लॅपटॉप घेऊन आलात, छान केलंत, पण जरा वेळ तो मिटूनच ठेवा. कुठलं बटण कुठे हे दोन दिवसांत कळतं, व्हिडिओ बघूनही कळतं. नकाशा चुकलाय हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही, ते तुम्हालाच ओळखावं लागतं, आणि ते ओळखता येतं फक्त पायाखालून गेलेल्या जागेवर. म्हणून आपण सरावाला परदेशातल्या शहराचा तयार डेटा घेणार नाही, हेच गाव घेणार आहोत.

मी शिकलो तो तयार डेटावरच. रस्ते, इमारती, सगळं नीटनेटकं, सगळे धडे पूर्ण केले, उत्तरं बरोबर आली. मग पुण्याच्या बाजूला एका गावात पाणलोटाच्या कामाला गेलो, तिथे एका काकांना त्यांच्या तुकड्याचं क्षेत्र काढून दिलं. गुगलच्या सॅटेलाइट फोटोवर बांधाबांधाने पॉलिगॉन, म्हणजे तुकड्याची बंद आकृती, काढला, क्षेत्र मोजलं, आकडा आला साडेचव्वेचाळीस गुंठे. काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, सातबाऱ्याला चाळीस आर आहे, आज्यापासून आमचा एकरच आहे, मग वरचे साडेचार गुंठे आले कुठनं?" आणि त्यांची नजर गेली शेजारच्या बांधाकडे. त्या बांधावरून दोन घरांत आधीच बोलणं बंद होतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण माझ्या एका आकड्याने ते भांडण पुन्हा उकरलं गेलं असतं.

चूक जमिनीत नव्हती, प्रोजेक्शनमध्ये होती, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायच्या पद्धतीत. गुगलचा फोटो ज्या प्रोजेक्शनमध्ये येतो त्याला वेब मर्केटर म्हणतात, सॉफ्टवेअरमधला त्याचा ओळख-नंबर ३८५७. ते विषुववृत्तापासून जसजसं लांब जावं तसं सगळं ताणत नेतं, पुण्याच्या आसपास म्हणजे साडेअठरा अक्षांशावर लांबी साधारण साडेपाच टक्के फुगते, रुंदीही तेवढीच, म्हणजे क्षेत्र जवळजवळ अकरा टक्के जास्त. चाळीसचे साडेचव्वेचाळीस बरोब्बर तिथून आले. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्र काढायचे दोन रस्ते आहेत, डॉलर चिन्हवालं एरिया लिहिलं आणि प्रोजेक्टमध्ये एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा किंचित चपटा गोल आकार, नीट लावलेला असला तर ते पृथ्वीचा गोलावा धरून मोजतं, आणि नुसतं एरिया फंक्शन वापरलं तर कागद सपाट आहे असं समजून मोजतं. दोन्ही आकडे देतात, दोन्ही सारख्याच ठामपणे. काकांनी मात्र मला बांधावर नेऊन पावलांनी मोजून दाखवलं, गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, असे चाळीस म्हणजे एकर. तो हिशोब डोक्यात पक्का असलेला माणूस शेजारी असणं ही सगळ्यात चांगली तपासणी.

तर कुठलाही लेयर, म्हणजे नकाशाचा एक थर, उघडला की पहिला प्रश्न त्याला विचारायचा, बाबा तू कुठल्या मापात बोलतोयस? मोबाईलवरून आलेले पॉइंट बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशात असतात, नंबर ४३२६, एकक अंश. त्याच्यावर विहिरीभोवती ५०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचा घेरा, काढायला गेलात आणि ५०० लिहिलंत तर ते ५०० अंश धरतं, आणि पृथ्वीचा पूर्ण फेराच ३६० अंशांचा. उताराचा नकाशा काढताना तर उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशात असं झालं की सपाट माळरानसुद्धा कड्यासारखं उभं दिसतं. म्हणून मोजायच्या कामाला यूटीएम घ्यायचं, पृथ्वीचे उभे पट्टे म्हणजे झोन पाडून केलेलं, मीटरमधलं प्रोजेक्शन. महाराष्ट्राचा बराचसा भाग झोन ४३ मध्ये येतो, नंबर ३२६४३, पण ७८ रेखांश ओलांडला की झोन ४४ सुरू, त्यामुळे अमरावती शहर ४३ मध्ये आणि यवतमाळ, वर्धा, नागपूर ४४ मध्ये. विदर्भात काम करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट, नवीन माणूस हमखास इथे अडकतो. लेयरला नवीन नंबर लावणं वेगळं आणि लेयर त्या नंबरात बदलून घेणं वेगळं. रस्त्यावरच्या दगडावर ३ कोस लिहिलंय, तुम्ही कोस पुसून किलोमीटर लिहिलंत तर गाव जवळ येत नाही. तीन कोसांचे किती किलोमीटर ते काढून मग लिहावं लागतं, त्याला रीप्रोजेक्ट म्हणतात. अक्षांश-रेखांशाची अदलाबदलही अशीच. पुणे १८.५२, ७३.८५. एक्सेलमधून आणताना कॉलम उलटे निवडले की पुण्यातल्या विहिरी थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतात. असं झालं तर घाबरू नका, उलट ही चूक बरी, लगेच दिसते तरी. जुन्या टोपोशीटची, म्हणजे सरकारी भूनकाशाची, चूक जास्त वाईट, कारण ती एव्हरेस्टच्या एलिप्सॉइडवर काढलेली असते आणि आपला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या मापावर चालतो, मग नाला थोडासाच सरकतो, शेजारच्या शेतातून वाहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता नावांचं. तालुक्याच्या नकाशाला लोकसंख्येचा तक्ता जोडायचा असतो, त्याला जॉइन म्हणतात, आणि पहिल्या दिवशी सगळे गावाच्या नावावरून जोडतात. एका तक्त्यात खुर्द, दुसऱ्यात केएच, तिसऱ्यात केडी, बुद्रुकचं कुठे बीके कुठे नुसतं बी, आणि वडगाव, पिंपळगाव तर एकेका तालुक्यात किती असतील. नावावरून जोडूच नका, २०११ च्या जनगणनेचा गावकोड वापरा. तोसुद्धा एका फाईलमध्ये आकडा म्हणून आणि दुसरीत टेक्स्ट म्हणून ठेवलेला असेल तर जॉइन रिकामा येतो, डोळ्यांना सारखा दिसला तरी.

मराठीत कॉलमची नावं द्या, पण शेपफाईलमध्ये, म्हणजे नकाशाचा डेटा ठेवायच्या जुन्या प्रकारात, नको. तिथे कॉलमच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, 'पाणीपातळी' लिहिलंत तर 'पाण'पाशीच तुटतं. शिवाय शेपफाईल म्हणजे एक फाईल नाही, एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे असा गोतावळा, त्यातली एकच व्हॉट्सॅपवर पाठवली की समोरच्याकडे काही उघडत नाही. आपण जिओपॅकेज हा दुसरा प्रकार वापरू, एका फाईलमध्ये सगळं मावतं.

पाणी कुठून कुठे वाहतं हे काढायला आपण उंचीचा फुकट मिळणारा डेटा घेणार आहोत, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेला, एसआरटीएम. त्याचा एक पिक्सेल साधारण ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांना एकच उंची. गावाचा पाणलोट काढायला चालतो, पण तुमच्या शेताचा बांध, ताल, चारी त्यात दिसणारच नाही, आणि २००० नंतर खोदलेलं शेततळं तर नाहीच नाही. त्या भरवशावर कुणाला बंधारा इथेच बांधा असं सांगू नका, आधी पावसात तिथे जाऊन उभे राहा, पाणी खरंच तिथून जातं का बघा.

उद्या आपण विहिरी नोंदवणार. फोनमध्ये क्यूफील्ड, म्हणजे जागेवर नोंदी करायचं ॲप, आज रात्रीच टाकून ठेवा, कारण वरच्या वस्तीवर रेंज नाही. विहिरीच्या मालकाला आधी विचारा, कशाला नोंदवतोय ते नीट सांगा, नको म्हणाले तर पुढे चला. काठावर जरा लांबच उभे राहा, मिनिटभर थांबा, फोनचा पॉइंट चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, तो स्थिर होऊ द्या, मग नोंद करा आणि पाणी किती हात खाली आहे ते मालकालाच विचारून लिहा, मीटर आपण नंतर करू.

सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापाशी. टोपी, पाण्याची बाटली आणि पूर्ण चार्ज केलेला फोन. चला, आता उघडा लॅपटॉप.