बडोद्याच्या डोक्यातल्या दोन भाषा

सकाळी खंडेराव मार्केटला उभं राहून नुसतं ऐका. दांडिया बाजारातल्या काकू भाजीवाल्याशी गुजरातीत भाव करतायत, बरोबरच्या नातवाला मराठीत दटावतायत, मध्येच फोन वाजला तर हिंदी सुरू, आणि ह्यात त्या एकदाही अडत नाहीत. गायकवाडांच्या काळापासून इथली मराठी घरं अशीच बोलत आलीयत, आपल्याला त्याचं काही वाटतही नाही. पण त्या दोन-तीन सेकंदांत मेंदूत काय काय घडत असेल, हे बघता येतं का?

फार वर्षं बघता येत नव्हतं. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक पेशंट होता, त्याला सगळं समजायचं पण तोंडातून फक्त 'टॅन' निघायचं. तो गेल्यावर मेंदू तपासला तेव्हा कळलं की डाव्या बाजूला पुढचा भाग खराब झालेला. बोलण्याची जागा अशी सापडली, म्हणजे माणूस गेल्यावर. जिवंत, धडधाकट माणूस बोलत असताना, विचार करत असताना आत डोकावायचं तर वेगळंच काहीतरी हवं होतं.

ते मिळालं रक्तातून. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण एकूण ऊर्जेतला जवळजवळ २० टक्के वाटा तो एकटा खातो, आणि साठवून काही ठेवत नाही, म्हणून जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं. आता गंमत बघा, ऑक्सिजन असलेलं रक्त आणि ऑक्सिजन सोडलेलं रक्त चुंबकाजवळ वेगवेगळं वागतं. हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. त्याचा मेंदूसाठी उपयोग मात्र १९९० मध्ये झाला, सेइजी ओगावा यांनी उंदरांवर काम करताना दाखवलं की एमआरआय मशीनला हा फरक दिसतो. दोनच वर्षांत माणसांवर प्रयोग झाले. ना इंजेक्शन, ना एक्स-रे. ह्यालाच एफएमआरआय म्हणतात.

मशीनमध्ये जायच्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवायचं, कारण ३ टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट. आत ठकठक इतकी की कानात बोळे घालावेच लागतात. डोक्यावर छोटा आरसा, त्यातून पडदा दिसतो, हातात बटण. आणि डोकं अजिबात हलवायचं नाही, दोन-तीन मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडतं, म्हणून बऱ्याच प्रयोगांत लोकांना मनातल्या मनातच बोलायला सांगतात.

आता ते लाल-पिवळे डाग, जे आपण बातम्यांत बघतो. तो विचारांचा फोटो नाही, हे मला अगदी ठासून सांगायचंय. पेशी काम करतात काही मिलिसेकंदांत, रक्त पोचतं पाच-सहा सेकंदांनी, आणि चित्रातल्या एका बारीक ठिपक्यात लाखो पेशी असतात. शिवाय तो रंग कॉम्प्युटर भरतो, दोन स्थितींमधला फरक गणिताने काढून. गणितात हयगय केली की काय होतं ते क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले' आणि साध्या पद्धतीने हिशोब केला तर माशाच्या मेंदूतही डाग उमटले! हिशोब नीट केल्यावर गेले. तेव्हा 'प्रेमाची जागा सापडली' छाप हेडलाइन दिसली की जरा थांबून वाचा.

पण नीट वापरलं तर हेच तंत्र आपल्याबद्दल फार मोलाचं सांगतं. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका टीमने दोन भाषा बोलणाऱ्या लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून आदल्या दिवशी काय केलं ते मनात सांगायला लावलं, आधी एका भाषेत, मग दुसऱ्या. ज्यांनी दोन्ही भाषा लहानपणापासून ऐकल्या त्यांच्यात ब्रोकाच्या भागात दोन्हीची जागा जवळजवळ एकच निघाली, आणि ज्यांनी दुसरी भाषा मोठेपणी शिकली त्यांच्यात दोन जागा शेजारी-शेजारी पण वेगळ्या. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की वयाइतकंच, कधी त्याहून जास्त, भाषा किती सहज येते ह्याला महत्त्व आहे. म्हणजे जन्मापासून गुजराती कानावर पडलेला रावपुऱ्यातला मुलगा आणि पुण्याहून लग्न होऊन इथे आलेली सून, दोघं शेजारी बसून सेव-उसळ खातायत, गुजरातीही दोघं बोलतायत, पण मेंदूतली मांडणी थोडी वेगळी असू शकते.

वाचनाचंही तसंच. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, तिथे देवनागरी वाचताना मेंदू तपासला गेला. आपल्या लिपीत मात्रा वर, खाली, आधी, नंतर कुठेही येते, नजरेला चौफेर फिरावं लागतं, आणि वाचताना डाव्या बाजूच्या नेहमीच्या भागांबरोबर उजव्या बाजूचा, जागेचा अंदाज घेणारा भागही कामाला लागलेला दिसला. हे काम आपल्या देशात, आपल्या लिपीवर झालं ह्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणि हा नुसता कुतूहलाचा विषय नाही. मेंदूत गाठ असली तर ऑपरेशनच्या आधी काही ठिकाणी एफएमआरआय करून भाषेची जागा शोधतात, म्हणजे सर्जनला कुठे जपायचं ते कळतं. पण भाषा कुठली? मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून केलेल्या जुन्या तपासण्यांतही, १९७८ पासून, दिसलंय की काही जागांवर एकच भाषा अडते, दुसरी चालू राहते. पक्षाघातानंतरही कधी एक भाषा लवकर परत येते, दुसरी मागे राहते.

म्हणून बडोद्यातल्या घरांना माझं सांगणं एवढंच, घरात कुणावर अशी वेळ आली तर फॉर्मवर 'मातृभाषा मराठी' लिहून थांबू नका. आजी हिशोब कुठल्या भाषेत करतात, देवाचं कुठल्या भाषेत म्हणतात, शाळा गुजराती की मराठी, दुकानात काय बोलतात, हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि तपासणी दोन्ही भाषांत होऊ शकेल का, असं सरळ विचारा.