फर्मेंटर निवडायचा तो धुणाऱ्यासाठी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘काच, प्लास्टिक की स्टील?’ आणि वेळ दिलीय पाऊण तास. प्रश्न आहे घरी बिअर आंबवायचं भांडं, म्हणजे फर्मेंटर, कशाचा घ्यायचा. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी घरी बिअरची निदान एक तरी बॅच लावलेली आहे, त्यामुळे वर्ट, म्हणजे आंबवायचा माल्टचा गोड अर्क, कसा उकळायचा आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, कधी टाकायची हे मी सांगत बसत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपली तरी ते तुमच्या पदरात पडलेलं असेल. फर्मेंटर यीस्टच्या सोयीसाठी निवडायचा नसतो. यीस्टला कुठलंही स्वच्छ भांडं चालतं, त्याची काही तक्रार नसते. फर्मेंटर निवडायचा तो धुणाऱ्याच्या आणि रिकामा करणाऱ्याच्या सोयीने. जोरात आंबण्याचे पहिले चार-पाच दिवस स्वस्तातली बादली आणि महागडी टाकी सारखंच काम करतात. फरक पडतो तो वर्ट ओतण्याआधीच्या अर्ध्या तासात आणि बिअर काढतानाच्या अर्ध्या तासात.

हे लोकांना पटत नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष एअरलॉकच्या, म्हणजे झाकणावरच्या त्या पाणी भरलेल्या झडपेच्या, बुडबुड्यांवर खिळलेलं असतं. आता या बुडबुड्यांबद्दल मला थोडं बोलायचंय. थोडं म्हणजे किती, ते अध्यक्ष ठरवतील.

साधा हिशेब करू. 20 लिटर वर्ट, सुरुवातीची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.050, शेवटची 1.010. यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो साधारण 800 ग्रॅम, म्हणजे खोलीच्या तापमानाला 400 लिटरहून जास्त वायू. एवढा वायू कुठून तरी बाहेर जाणारच. एअरलॉकमधलं दोन-तीन सेंटिमीटर पाणी त्याला अगदी थोडा अडथळा करतं. पण बादलीच्या झाकणाची कड एखाद्या ठिकाणी नीट बसली नसेल, तर तिथला अडथळा त्याहूनही कमी. वायू तिकडून जातो, एअरलॉक गप्प बसतो आणि माणूस घाबरून दुसरं यीस्टचं पाकीट फोडतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं इथं दोष बादलीच्या माथी येतो: ‘प्लास्टिकमध्ये नीट आंबत नाही, काचेत कसं छान बुडबुडतं!’ काचेत बुडबुडतं कारण बूच अरुंद तोंडात घट्ट बसतं. आतलं यीस्ट तेच काम तितकंच करत असतं.

उलटंही होतं. आंबणं कधीच संपलेलं असतं, पण दुपारी खोली तापली, किंवा हवेचा दाब उतरला, किंवा कोरडे हॉप्स टाकले आणि त्यांच्या कणांवर विरघळलेला वायू सुटू लागला, की एअरलॉक पुन्हा बोलायला लागतो. तेव्हा बुडबुडे पाहून बाटल्या भरण्याचा दिवस ठरवू नका. घनता मोजा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा तोच आला आणि त्या यीस्टकडून जिथवर अपेक्षा होती त्याच्या आसपास आला, तर काम झालं. मोजताना नमुन्यातला वायू आधी हलवून काढून टाका, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला, म्हणजे घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीला, वर ढकलतात आणि आकडा जास्त दिसतो.

झाकण गळतंय का, हे पाहायला दहा सेकंद लागतात. झाकणाच्या मध्यभागी हलका दाब द्या. एअरलॉकमधलं पाणी एका बाजूला चढेल. दाब धरून ठेवा. पाणी तिथंच टिकलं तर झाकण ठीक, लगेच परत समपातळीत आलं तर गळती आहे. आणि गळती असली तरी पहिल्या चार दिवसांत काही बिघडत नाही, कारण प्रवाह आतून बाहेर असतो. बिघडतं ते त्यानंतर.

इथं आणखी एक लाडकी समजूत येते: बिअरवर म्हणे कार्बन डायऑक्साइडचा थर बसलेला असतो, तो जड असल्यामुळे हवेला खाली येऊ देत नाही. असा थर टिकत नाही. वायू एकमेकांत मिसळतात. वायू तयार होणं थांबलं आणि झाकणाला फट असली, तर त्या मोकळ्या जागेत ऑक्सिजन शिरतोच. बिअर थंड करायला घेतलीत तर मग विचारूच नका. 20 अंशांवरून 2 अंशांवर आणताना वरचा वायू आकसतो सुमारे सहा टक्के, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थंड बिअर जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेऊ शकते. 20 लिटरच्या बॅचला ही भूक दहा-पंधरा लिटर वायूची असते. ती भागवायला भांडं बाहेरची हवा ओढतं, एस आकाराचा नसेल तर एअरलॉकमधलं पाणीही ओढतं. पाण्याचं एवढं काही नाही, पण त्या हवेमुळे ताज्या हॉप्सचा वास मरतो आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. म्हणून थंड करायची सवय असलेल्याने भांडं निवडताना पहिला प्रश्न विचारायचा: याचं तोंड पूर्ण बंद करून आत थोडा कार्बन डायऑक्साइडचा दाब ठेवता येतो का? काचेत येत नाही. काचेला दाब देण्याचा प्रयत्न कोणीही, कधीही करू नये.

आता फेसाची नळी. गव्हाच्या बिअरचा फेस 23 लिटरच्या कारबॉयमधून, म्हणजे अरुंद गळ्याच्या मोठ्या काचेच्या बाटलीतून, हमखास वर येतो, कारण 20 लिटर भरल्यावर वर उरतात तीन लिटर. एअरलॉकची भोकं हॉप्सच्या चुऱ्याने बुजली की बूच छताला लागतं. अशा वेळी एअरलॉक काढून जाड नळी लावा, आतून निदान 10 मिलिमीटर, आणि तिचं दुसरं टोक जंतुनाशकाच्या बरणीत बुडवा. इंग्लंडमधल्या बर्टनच्या ब्रुअरींनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं: लाकडी पिंपांची रांग, प्रत्येकाला वर वाकडी नळी, आणि फेसाबरोबर वर आलेलं यीस्ट एका लांब पन्हळीत. त्याला बर्टन युनियन म्हणतात. देखणी व्यवस्था, पण धुणाऱ्याच्या जिवाला घोर. पुढे जग सरळ उभ्या, खाली शंकू असलेल्या स्टीलच्या टाक्यांकडे गेलं. त्यामागे धुण्याची सोय हे मोठं कारण होतं, म्हणजे माझ्याच बाजूची साक्ष.

तर धुणं. भांड्याच्या आत हात कोपरापर्यंत जातो का? फेसाची कड वाळते ती वरच्या खांद्याशी, आणि कारबॉयचा खांदा नेमका तिथं असतो जिथं हात पोचत नाही. मग वाकड्या ब्रशने आंधळं घासायचं. हाताच्या काकणाला आरसा लागत नसेल, कारबॉयच्या खांद्याला आरसा आणि बॅटरी दोन्ही लागतात. सोडियम परकार्बोनेट ही धुण्याची पूड लिटरला चार-पाच ग्रॅम, गरम पाण्यात, अर्धा तास भिजवत ठेवलं तर घासायची गरज फारशी उरत नाही. प्लास्टिकला तर घासणी लावूच नका. हिरव्या घासणीच्या एका फटक्यात पडलेल्या ओरखड्यांत लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आंबटपणा आणणारे जिवाणू, घर करतात आणि जंतुनाशक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मऊ फडकं, बस्स. बॅच अकारण आंबट व्हायला लागल्या की बादली घरातल्या दुसऱ्या कामाला द्यायची आणि नवी आणायची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. बारा मिनिटं उरली. अजून काच-प्लास्टिक-स्टीलला हातच लावलेला नाही, तेव्हा आता भराभर.

बादली. एचडीपीई या प्लास्टिकची, अन्नासाठी चालणारी, 20 लिटरच्या बॅचला 30 लिटरची. या प्लास्टिकमधून ऑक्सिजन झिरपतो हे खरं, पण दोन-तीन आठवड्यांच्या बिअरला त्याने फरक पडत नाही. तेवढ्या काळात झाकणाची फट जास्त नुकसान करते. महिनोन्‌महिने ठेवायची बिअर मात्र हिच्यात नको. नळ लावणार असाल तर त्याचं तोंड तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर, म्हणजे गाळ खालीच राहतो. नळ हाताने आवळा, पान्याने आवळला की आटे जातात. गळतं का ते पाहायला वर्ट भरण्याआधी रात्रभर पाणी भरून ठेवा. आणि प्रत्येक बॅचनंतर नळ पूर्ण सोडवून धुवा. बादलीतला संसर्ग बहुतेक वेळा त्या नळाच्या पोटातून येतो.

काच. ऑक्सिजन अजिबात झिरपत नाही, ओरखडे पडत नाहीत, आत काय चाललंय ते दिसतं. बदल्यात 23 लिटरचा कारबॉय रिकामा सहा-सात किलो, भरलेला 27-28 किलो, आणि ओल्या हातांतून निसटला तर मनगटाच्या शिरा आणि स्नायुबंध कापले जातात. ही अतिशयोक्ती नाही. गळ्याला लावायची कडी फक्त रिकाम्या बाटलीसाठी आहे. भरलेली उचलायची तर क्रेटमध्ये किंवा पट्ट्यांच्या झोळीत. गरम वर्ट ओतू नका, तडा जातो. प्रकाशापासून झाका: निळा आणि अतिनील प्रकाश हॉप्सच्या कडू घटकांना तोडतो, त्यातून गंधकाचं संयुग बनतं आणि घाण वास येतो. माझं मत विचाराल तर आंबट बिअर वर्षभर ठेवायची असेल तरच काच.

पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, त्याची बाटली. हलकी, एचडीपीईपेक्षा ऑक्सिजन कितीतरी कमी झिरपू देते, रुंद तोंडाची मिळाली तर उत्तम. 50 अंशांच्या वरचं पाणी घालू नका, आकार जातो. दाब सोसणारी म्हणून विकलेली असेल तरच दाब द्यायचा, आणि सुरक्षा झडप न तपासता कधीच नाही.

19 लिटरचा सोड्याचा केग, म्हणजे शीतपेयांसाठी बनवलेलं स्टीलचं दाबाचं पिंप. माझा कौल याला. दाब सोसतो, थंड करताना हवा ओढत नाही, लंबगोल झाकणातून बहुतेकांचा हात आत जातो, आणि बिअर हवेला न लागता थेट दुसऱ्या केगमध्ये नेता येते. भरायचा 15-16 लिटर. तळातून बिअर वर आणणारी आतली नळी दोन-तीन सेंटिमीटर कापा किंवा तरंगती नळी बसवा, नाहीतर पहिला ग्लास नुसता गाळ. एक लक्षात घ्या, हे झाकण दाबाशिवाय नीट बसत नाही. सुरुवातीला थोडा कार्बन डायऑक्साइड देऊन बसवा, मग तो दाब सोडून द्या.

स्टीलचा शंकू. तो ज्या 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलचा असतो त्याला क्लोरीनचं ब्लीच लावू नका, बारीक खड्डे पडतात. मोठ्या टाकीत खालून यीस्ट काढण्याची सोय खरी आहे. 27 लिटरच्या शंकूत यीस्ट भिंतीला चिकटतं, झडप उघडली की मध्ये बोगदा पडतो आणि बिअरच बाहेर येते. झडप सावकाश उघडली तर थोडं बरं. बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आत भोकाचा गोळा फिरणारी झडप, असेल तर गोळ्यामागे गाळ अडकतो, तो दरवेळी सोडवावा लागतो. किंमत मोजायच्या आधी तो सुटा करून पाहा.

तापमानाचं राहिलं. जोरात आंबताना आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त असतं, तेव्हा सेन्सर भांड्याच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधा, हवेत लटकवू नका. आणि भांडं घेण्याआधी ते फ्रिजमध्ये मावतंय का ते मोजा, एअरलॉक लावून.